जादा दिवा लावा, पण त्याचा अर्थ मोडू नका



एलईडी दिवे स्वस्त झाल्यापासून रस्त्यावरच्या गाड्यांचे रूप पालटले आहे. मोटारसायकलच्या मडगार्डला रंगीत पट्ट्या, टेंपोच्या कडेला निळे-हिरवे ठिपके, ट्रकच्या बंपरवर लुकलुकणारे तांबडे दिवे. आपले रेल्वे आणि टपाल कामगार याला अपवाद नाहीत. रात्री दोनच्या ड्युटीला निघणारा तरुण सहाय्यक लोको पायलट आपल्या दुचाकीला दोन दिवे वाढवून घेतो. पार्सलचे बाड मागे बांधणारा पोस्टमन बाजारातून एक लुकलुकणारी पट्टी आणून कॅरिअरला बांधतो. खात्याच्या ट्रकवर किंवा भाड्याच्या जीपवरही कोणी साहेब तोंडी सांगतो, "मागे एक दिवा वाढवून घ्या रे", आणि आपल्यातलाच कोणीतरी पक्कड घेऊन वायर जोडून मोकळा होतो.

शाखेच्या बैठकीत हा विषय निघाला की दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, दिवे जितके जास्त तितकी सुरक्षा जास्त. दुसरा म्हणतो, आरटीओचे झंझट नको, काहीच लावू नका. मला ही दोन्ही मते पटत नाहीत. जादा दिव्याची गरज अनेक ठिकाणी खरोखरच आहे. परंतु गाडीवरचा दिवा हा मागच्या-पुढच्या माणसाला दिलेला निरोप असतो. तो निरोप चुकीचा गेला, किंवा ऐन वेळी गेलाच नाही, तर दिवा नसण्यापेक्षाही वाईट परिणाम होतो. आणि खात्याच्या कामाला लागणाऱ्या गाडीवरून हा निरोप नीट जाईल हे पाहण्याची जबाबदारी खात्याची आहे, खर्चासकट. ती पक्कड धरणाऱ्याच्या गळ्यात मारता कामा नये.

दिव्याची भाषा आपण जाणतो

हे इतरांना समजावून सांगावे लागेल, रेल्वे कामगाराला नाही. गाडी स्टेशनातून पार होताना स्टेशन मास्तर आणि पॉइंट्समन शेवटच्या डब्याकडे बघतात. दिवसा एल.व्ही.ची पाटी आणि रात्री लुकलुकणारा तांबडा दिवा. ती खूण दिसली म्हणजे गाडी पुरी आली, मागे सेक्शनमध्ये एखादा डबा सुटून राहिलेला नाही. खूण दिसली नाही तर मागचा ब्लॉक सेक्शन मोकळा झाला असे धरता येत नाही. जिथे ॲक्सल काउंटर बसले आहेत तिथे ही मोजणी यंत्र करते. पण मागून येणाऱ्या लोको पायलटला अंधारात दिसायचे ते यंत्र नव्हे, तो तांबडा दिवाच. केरोसीनच्या बत्तीपासून बॅटरीच्या दिव्यापर्यंत आणि तिथून एलईडीपर्यंत साधन बदलत गेले. त्या दिव्याचा अर्थ मात्र कोणी बदलला नाही.

इंजिनावरचे मार्कर लाइट घ्या. पुढे पांढरे, आणि एकटे इंजिन चालले असेल तर मागच्या बाजूला तांबडे. फ्लॅशर लाइट घ्या. तो पिवळा दिवा लुकलुकू लागला की शेजारच्या लाइनवरून येणाऱ्या लोको पायलटने एवढेच समजायचे की पुढे धोका आहे, गाडी थांबव. २६ नोव्हेंबर १९९८ रोजी पंजाबात खन्नाजवळ फ्रंटियर मेलचे डबे घसरून शेजारच्या लाइनवर आले आणि त्यांच्यावर जम्मूतावी-सियालदह एक्स्प्रेस आदळली. दोनशेहून अधिक माणसे गेली. शेजारच्या लाइनवरच्या गाडीला वेळेत निरोप पोहोचणे म्हणजे काय, हे त्या रात्रीने देशाला दाखवले. पुश ट्रॉलीवर रात्री तांबडा दिवा का लावतात, हे आपल्या ट्रॉलीमनला विचारा. तो उत्तर द्यायला दोन सेकंदसुद्धा घेणार नाही.

आता कल्पना करा, एखाद्या इंजिनावर कोणी हौसेने आणखी एक लुकलुकणारा दिवा लावला आणि तो कायम चालू ठेवला. समोरचे चार लोको पायलट चार वेळा गाडी थांबवतील. पाचव्या वेळी खरा धोका असेल तेव्हा कोणी थांबणार नाही. रेल्वेत असे कोणी करणार नाही. मग हाच कामगार ड्युटी संपवून रस्त्यावर आला की दिव्याची शिस्त का विसरतो?

रस्त्याचा नियमही तोच

रस्त्यावरची भाषा आपल्या भाषेची सख्खी बहीण आहे. मागे तांबडा, पुढे पांढरा, वळण्यासाठी पिवळा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०८ सांगतो की गाडीने पुढच्या बाजूला तांबडा दिवा दाखवू नये आणि मागच्या बाजूला तांबड्याखेरीज दुसरा दाखवू नये. मागे सूट आहे ती इंडिकेटर, रिव्हर्सचा दिवा आणि नंबर प्लेटवरचा दिवा अशा ठरलेल्या दिव्यांना. १ मे २०१७ पासून तर मंत्र्यांच्या आणि बड्या अधिकाऱ्यांच्या गाड्यांवरचेही तांबडे दिवे उतरले. तेव्हा आपल्या दुचाकीच्या पुढे पोलिसांसारखी तांबडी-निळी लुकलुक लावण्यात कसली प्रतिष्ठा?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीत परस्पर फेरबदल करण्यास मनाई आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलामागे मालकाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. हे मी भीती घालण्यासाठी सांगत नाही. ज्याच्या पगारातून घराचा हप्ता जातो, त्याने पन्नास रुपयांच्या पट्टीपायी ही जोखीम घ्यावी का, एवढाच प्रश्न आहे. आणि दंडापेक्षा मोठी गोष्ट अशी की मागून येणाऱ्याला तुमचा निळा दिवा पाहून काहीच कळत नाही. तुम्ही येत आहात की जात आहात, उभे आहात की वळत आहात? तो विचार करीपर्यंत ताशी ८० किलोमीटरने येणारी गाडी दर सेकंदाला २२ मीटर पुढे सरकलेली असते.

कुठे जादा दिवा हवाच

आता दुसरी बाजू. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या रस्त्यावर मागे एकही दिवा नसलेली, ओसंडून भरलेली ट्रॉली अंधारात पुढे येते तेव्हा काय होते, हे सोलापूर-कोल्हापूरकडच्या साथींना सांगायला नको. जो दिसत नाही तो मरतो, नाही तर दुसऱ्याला मारतो. म्हणून "काहीच लावू नका" हा सल्ला मला मान्य नाही.

पोस्टमन आणि ग्रामीण डाक सेवकांचेच पाहा. पूर्वी झोळीत पत्रे असत. आता पार्सले असतात. बाड कॅरिअरवर बांधले की दुचाकीचा मागचा दिवा, रिफ्लेक्टर आणि कधी कधी नंबर प्लेटही झाकून जाते. कंपनीने दिलेला दिवा पेटलेला असूनही मागच्याला दिसत नाही. इथे पहिला उपाय बाड नीट बांधण्याचा. दुसरा उपाय बाडाच्या मागच्या बाजूला चमकणारी तांबडी पट्टी शिवण्याचा. आणि तिसरा, कॅरिअरच्या अगदी शेवटच्या टोकावर मागच्या दिव्याचाच जोडीदार बसवण्याचा. तो साधा लागेल तेव्हा साधा आणि ब्रेक दाबला की ठळक लागला पाहिजे. सायकलवाल्या साथीला तर मागचा तांबडा रिफ्लेक्टर आणि एक छोटा बॅटरीचा दिवा पुरतो.

मेल मोटारीची गोष्ट निराळी. पहाटे आरएमएसच्या फाटकाजवळ किंवा उपडाकघराबाहेर गाडी रस्त्याच्या कडेला उभी असते. बॅगा चढवण्यासाठी मागची दारे उघडली की काही गाड्यांत मागचे दिवेच दाराआड जातात. बॅग उचलणारा माणूस आणि मागून येणारा ट्रक यांच्यामध्ये मग फक्त अंधार उरतो. दाराच्या आतल्या बाजूस चमकणारी पट्टी आणि चौकटीत तांबडे मार्कर दिवे ही इथली खरी गरज आहे. तसेच इंजिनीअरिंग, सिग्नल आणि ओएचई विभागाचे ट्रक. रूळ, पाइप, खांब गाडीबाहेर आलेले असतात आणि टोकाला दिवसा लाल फडके, तर रात्रीही तेच फडके. फडके अंधारात कोणाला दिसते? तिथे टोकाला तांबडा दिवाच हवा.

दुचाकीच्या पुढच्या बाजूचे मात्र तसे नाही. १ एप्रिल २०१७ पासून विकल्या जाणाऱ्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. त्यामुळे दिवसा दिसावे म्हणून पुढे आणखी डोळे दिपवणारे दिवे लावण्याचे कारण उरलेले नाही. समोरून येणाऱ्याला आंधळे करून आपली सुरक्षा वाढत नाही.

वायर जोडताना

जिथे जादा दिवा लावायचाच, तिथे तो कसा जोडला जातो याकडे लक्ष द्या. एलईडीला वीज कमी लागते, म्हणून कशीही जोडली तरी चालते, असा समज पसरला आहे. १२ व्होल्टच्या गाडीत इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर करंट घेतो. त्या जागी दोन वॅटची एलईडी लावली तर ती एक पंचमांश अँपिअरसुद्धा घेत नाही. हे खरे. पण वायरीला आग लागते ती दिव्याच्या करंटमुळे नव्हे. वायरीचे आवरण पत्र्याच्या कडेवर घासून फाटते आणि शॉर्ट होते, तेव्हा बॅटरी देईल तेवढा सगळा करंट त्या वायरीतून धावतो. म्हणून फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या जवळ हवा. वायर पत्र्याच्या भोकातून जात असेल तर तिथे रबरी ग्रोमेट हवा. जॉइंट पिळून टेप गुंडाळलेला नको, दाबून बसवलेला आणि पाण्यापासून झाकलेला हवा. कोकणातल्या एका पावसाळ्यात टेपचा जॉइंट हिरवा पडतो, हे लाइनस्टाफला ठाऊक आहे.

दुचाकीची बॅटरी किती असते? बहुतेक अडीच ते पाच अँपिअर-अवर. किल्ली काढल्यावरही चालू राहणारा पाच वॅटचा साधा दिवा पाच अँपिअर-अवरची बॅटरी बारा तासांत रिकामी करतो. ड्युटी संपवून पहाटे किक मारणाऱ्याला हे परवडत नाही. जादा दिव्याची वायर किल्लीनंतरच्या लाइनवरूनच घ्यावी. उभ्या मेल मोटारीवर मार्कर लाइट किल्लीशिवाय चालू ठेवणे भाग आहे. तिथे एलईडी खरोखर उपयोगी पडते. एकेक वॅटचे चार दिवे दहा तास चालले तरी साडेतीन अँपिअर-अवरच्या आत भागते. पाच वॅटचे चार बल्ब तेवढ्याच वेळात सुमारे १७ अँपिअर-अवर खातात.

ब्रेक लाइटचे एक पथ्य आहे. जुन्या बल्बात दोन तारा असत, पाच वॅटची साध्या दिव्याची आणि २१ वॅटची ब्रेकची. फरक चौपट होता म्हणून मागच्याला ब्रेक दाबल्याचे कळे. बाजारातल्या कित्येक एलईडी पट्ट्यांत साधा दिवा आणि ब्रेकचा दिवा यांत डोळ्याला जाणवेल असा फरकच नसतो. अशी पट्टी चोवीस तास ब्रेक दाबल्याचे खोटे सांगत राहते. उलट चांगला एलईडी ब्रेक लाइट बल्बपेक्षा सेकंदाच्या सुमारे पाचव्या भागाने लवकर पेटतो. ताशी ८० किलोमीटरला हे चार मीटरहून जास्त अंतर होते. म्हणजे एलईडी वाईट नाही, निवड आणि जोडणी नीट हवी.

आता सिग्नलच्या साथींना ओळखीची वाटेल अशी एक बाब. बल्बऐवजी एलईडी लावली की इंडिकेटर भराभर लुकलुकू लागतो. जुन्या फ्लॅशरला करंट कमी मिळाल्याने तो समजतो की एक बल्ब गेला आहे, आणि चालकाला तसे कळवण्यासाठी घाई करतो. आपल्या सिग्नलमध्ये दिवा पेटला आहे की नाही हे पाहणारा रिले असतो, ज्याला आपण ईसीआर म्हणतो. रस्त्यावरच्या गाडीत तेच काम गरिबाघरच्या पद्धतीने हा फ्लॅशर करतो. मेकॅनिक काय करतो? एलईडीच्या जोडीला एक रेझिस्टन्स लावतो. करंट पुन्हा वाढतो, लुकलुक ठीक होते आणि गिऱ्हाईक खूश. पण उद्या ती एलईडी बंद पडली तरी फ्लॅशरला ते कळणार नाही, कारण रेझिस्टन्स करंट घेतच राहील. शिवाय तो तापतो आणि प्लास्टिकजवळ बसवला तर ते वितळवतो. दिवा तपासणाऱ्या रिलेला कोणी तार जोडून गप्प केले तर आपण त्याला काय म्हणू? योग्य उपाय एलईडीसाठी असलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर बसवण्याचा, आणि मागचे दिवे निघण्याआधी रोज डोळ्यांनी पाहण्याचा.

बहानगा बाजारचा धडा

"एक वायर तर जोडायची आहे" असे म्हणणाऱ्यांनी ओडिशातील बहानगा बाजार आठवावे. २ जून २०२३ रोजी तिथे कोरोमंडल एक्स्प्रेस लूप लाइनवर जाऊन उभ्या मालगाडीवर आदळली. दोनशे नव्वदहून अधिक माणसे गेली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत बोट ठेवले गेले ते सिग्नलच्या सर्किटमध्ये पूर्वी केलेल्या बदलांतील आणि लेव्हल क्रॉसिंग गेटच्या कामाच्या वेळी राहिलेल्या त्रुटींवर. पुढे जुलैत सीबीआयने अटक केली ती सिग्नल विभागातील तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना. न्यायालयात जे ठरायचे ते ठरेल. पण कामगाराने घ्यायचा धडा स्पष्ट आहे. सर्किटमध्ये वाढवलेली एक वायरसुद्धा बदल असते. तिचे ड्रॉइंग हवे, तपासणी हवी, सही हवी. आणि काही बिघडले की प्रश्न पहिल्यांदा ज्याचा हात वायरीला लागला त्यालाच विचारला जातो. तोंडी सांगणारा साहेब तेव्हा कागदावर कुठेच नसतो.

ट्रकचा मागचा दिवा आणि स्टेशनचा सिग्नल यांची बरोबरी करू नये, हे मला कळते. पण सवय एकच असते. जो ट्रकवर तोंडी हुकमाने वायर जोडायला तयार होतो, त्याच्याकडून उद्या दुसरीकडेही तेच करून घेतले जाईल.

खर्च कोणाचा, हुकूम कोणाचा

काही साथी विचारतील, वेतन, पेन्शन, रिक्त जागा, कंत्राटीकरण इतके प्रश्न असताना सेक्रेटरी दिव्यांबद्दल काय लिहितो? मी म्हणतो, कामावर सुखरूप जाणे आणि घरी सुखरूप येणे ही पगाराच्या आधीची मागणी आहे. पगार घ्यायला माणूस उरला पाहिजे. आणि "दोनशे रुपयांचा दिवा, साहेबाची वाट कशाला पाहायची, आपणच लावू" असे म्हणणाऱ्या साथीचा चांगुलपणा मला मान्य आहे. पण त्या दोनशे रुपयांबरोबर खात्याची जबाबदारीही तो आपल्या अंगावर घेतो, हे त्याने ओळखावे.

म्हणून प्रत्येक शाखेने प्रशासनापुढे पुढील मागण्या ठेवाव्यात असे मी सुचवतो.

पहिली. रात्री चालणाऱ्या आणि रस्त्याकडेला उभ्या राहणाऱ्या खात्याच्या प्रत्येक गाडीची दिव्यांच्या दृष्टीने पाहणी व्हावी. जिथे जादा मार्कर किंवा ब्रेक लाइट हवा तिथे तो खात्याने, मान्यताप्राप्त सामान वापरून, आरटीओच्या नियमात बसवून लावावा.

दुसरी. हे काम लेखी हुकमाने आणि प्रशिक्षित वाहन-इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावे. जोडणीचे ड्रॉइंग आणि तपासणीची सही गाडीच्या नोंदवहीत राहावी. ट्रॅक मेंटेनर, पोस्टमन किंवा चालक यांना तोंडी सांगून वायर जोडायला लावू नये.

तिसरी. भाड्याच्या जीप-टेंपोच्या आणि टपाल वाहतुकीच्या ठेक्यांत मागचे दिवे, कडेचे मार्कर आणि चमकणाऱ्या पट्ट्या यांची अट असावी, आणि ती पाळली आहे हे पाहूनच बिल काढावे.

चौथी. स्वतःची दुचाकी टपाल वाटपासाठी वापरणाऱ्या कामगाराला मागचा दिवा झाकणार नाही असे कॅरिअर, चमकणारी पट्टी असलेली बॅग आणि जादा मागचा दिवा खात्याने द्यावा, किंवा त्याचा खर्च द्यावा.

पाचवी. मागचे दिवे बंद असलेली गाडी रात्री बाहेर काढण्यास चालकाने नकार दिला तर त्याला चार्जशीट देऊ नये. टेल लॅम्पशिवाय रात्री गाडी सोडा असे स्टेशन मास्तरला कोणी सांगत नाही. मेल मोटारीच्या चालकाला वेगळा न्याय का?

मागण्या करताना आपले घरही साफ असले पाहिजे. प्रशासनाचा माणूस वाटाघाटीत आपल्याच कार्यकर्त्याच्या दुचाकीवरच्या निळ्या-तांबड्या लुकलुकीकडे बोट दाखवील, तेव्हा आपल्या तोंडून शब्द निघणार नाही. म्हणून पुढील शाखा बैठकीला येताना प्रत्येकाने आपली गाडी एकदा मागून पाहावी. सोबत्याला ब्रेक दाबायला सांगावा, दहा पावले मागे जाऊन उभे राहावे. ब्रेकचा फरक दिसतो का, बाडाआड दिवा लपतो का, पुढे तांबडे किंवा निळे काही लागले आहे का, हे तपासावे. जे चुकीचे आहे ते काढून टाकावे. जे कमी आहे आणि खात्याच्या कामासाठी लागते, त्याची यादी करून सेक्रेटरीकडे द्यावी. इटारसी असो, सिकंदराबाद असो, सुरत असो की आपले भुसावळ, ही यादी करायला एक संध्याकाळ पुरेल. त्या याद्या जोडून ठराव करा आणि तो वरच्या पातळीवर पाठवा. लेखी पाठवा आणि पोहोच घ्या.